दोन माणसांचा नग

माझ्या बेस गिटारचा स्पीकर बॉक्स शेहेचाळीस किलोचा होता. हा आकडा मला माझ्या मित्राने काढून दिला. तो मनमाड स्टेशनला पार्सल क्लार्क होता. एकदा तिकडे लग्नात वाजवायला गेलो असताना त्याने आमचा टेम्पो मुद्दाम पार्सल ऑफिसकडे वळवला आणि बॉक्स तिथल्या काट्यावर चढवला. काट्याकडे बघत तो म्हणाला, "भाऊ, हा दोन माणसांचा नग आहे. आमच्याकडे एकट्या हमालाला याला हात लावू देत नाहीत."

रेल्वेत पार्सलच्या प्रत्येक खोक्याला, गाठोड्याला नग म्हणतात. तेव्हापासून आमच्या ऑर्केस्ट्रात माझ्या बॉक्सचं नाव 'नग' पडलं ते कायमचं.

बॉक्स मी देवळालीगावातल्या एका सुताराकडून करून घेतला होता. अठरा एमएमचं प्लाय, आत पंधरा इंची स्पीकर आणि त्याच्या मागे तव्याएवढं चुंबक. तेव्हा मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात कंट्रोल रूमला होतो. शिफ्ट सांभाळून सुट्टीच्या दिवशी लग्न, साखरपुडे, निरोप समारंभ, नवरात्र असे कार्यक्रम करायचो. मित्र ऑक्टोपॅड वाजवायचा. ढोलक, तबला, ड्रम असे सगळे आवाज त्या एका सपाट पॅडमधून काड्यांनी काढता येतात. त्याचं सगळं सामान एका बॅगेत मावायचं आणि ती बॅग तो खांद्याला अडकवून मनमाडहून गाडीत बसायचा. नाशिकरोडला उतरला की मी स्कूटर घेऊन उभा असायचो.

टेम्पोत सामान चढवायला घरी पोचलो की बॅग अजून खांद्यालाच असताना तो माझ्या बॉक्सचं दुसरं टोक धरायचा. बावीस वर्षं धरलं. "तू पुढे धर, मी मागे चालतो," एवढंच म्हणायचा. जिना चढताना खालच्या माणसावर सगळा भार येतो हे उचलणाऱ्यालाच कळतं. जिना आला की तो न बोलता खालच्या बाजूला जायचा. मी त्याला कधी अडवलं नाही.

पन्नाशी उलटल्यावर त्याने हलक्या बॉक्सचा विषय काढायला सुरुवात केली. मोबाइलवर फोटो दाखवायचा. नव्या स्पीकरमध्ये निओडिमियम नावाच्या धातूचं चुंबक असतं, मुठीत मावेल एवढं, आणि लाकूडही पातळ, हलकं. सगळं मिळून बारा-पंधरा किलो.

"खेळणं आहे ते," मी म्हणायचो. "हलक्या बॉक्सला पोट नसतं. खालचा सूर हवेत जातो."

"अरे, लोक जेवायला येतात. तुझा खालचा सूर मोजायला कोण बसलंय तिथे?"

"मी बसलोय ना."

तो हसायचा. त्याचं हसणं मला होकार वाटायचं. माझ्या मनात एक पक्कं होतं, की मी साधा माणूस, साधी नोकरी, पण माझा सूर जड आहे, आणि तो जड आहे म्हणून ऑर्केस्ट्रा उभा आहे. तीनेक वर्षं तो अधूनमधून सांगत राहिला आणि मी अधूनमधून उडवत राहिलो.

तो रविवार होता. सिन्नरच्या बाजूला एका कार्यालयात दुपारचा साखरपुडा. हॉल पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही, चोवीस पायऱ्या. हमाल मिळतील असं सांगितलं होतं, पण आम्ही पोचलो तेव्हा ते केटररचं सामान वाहण्यात अडकले होते. मी म्हणालो, "थांबू या का थोडं?" तो म्हणाला, "साउंड चेकला वेळ राहणार नाही. चल."

सवयीप्रमाणे तो खाली, मी वर. वळणाच्या जागी त्याने बॉक्स टेकवला आणि स्वतः पायरीवर बसला. तोंड घामाने डबडबलं होतं.

"काय झालं?"

"काही नाही. ॲसिडिटी. सकाळी गाडीत वडापाव खाल्ला." तो डाव्या खांद्यावर उजवा हात फिरवत होता. "एक मिनिट दे."

मी दिलं. एक मिनिट, फार तर दोन. त्यात एकदा घड्याळ पाहिलं. मग तो उठला आणि उरलेल्या पायऱ्या आम्ही चढलो. त्याने पूर्ण कार्यक्रम वाजवला, चांगला वाजवला. परत उतरवायला हमाल मिळाले. स्टेशनवर सोडताना त्याने गाडीच्या दारातून हात केला.

दुसऱ्या दिवशी दुपारी पार्सल ऑफिसात खुर्चीवरून तो खाली पडला. दवाखान्यात नेईपर्यंत संपलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं, ब्लॉकेज जुनं होतं, कधीही, कुठेही झालं असतं. हे वाक्य मी नंतर स्वतःला शेकडो वेळा ऐकवलं. दर वेळी ते वळणावरच्या त्या पायरीपाशी येऊन थांबायचं.

दहाव्याला त्याच्या घरचे सगळे नाशिकला आले. विधी रामकुंडावर होते. भटजींचं आटोपलं, पुरुष मंडळी पाण्यात उतरली, आणि त्याची बायको, आमच्या वहिनी, माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. मनमाडला त्यांच्या हातचं जेवण मी असंख्य वेळा जेवलो होतो, पण आम्ही दोघंच असे कधी बोललो नव्हतो.

"भाऊजी, एक विचारू? त्या दिवशी कार्यक्रमाला यांनी काही जड उचललं होतं का?"

त्या सरळ माझ्याकडे बघत होत्या. मी पाण्याकडे बघितलं.

"नाही वहिनी. कार्यालयातल्या हमालांनीच चढवलं सगळं."

"नक्की ना?"

"नक्की."

त्यांनी मान हलवली आणि पदर नीट करून त्या बाईमाणसांत जाऊन बसल्या. मला वाटलं, बरं झालं, त्यांचं मन हलकं झालं. खरं सांगायचं तर तेव्हा मला फक्त माझ्या सुटकेचं कळत होतं.

त्यानंतर मी वाजवणं बंद केलं. बॉक्स जिन्याखाली कापडाने झाकून ठेवला. आमची गायिका दर महिन्याला फोन करायची, मी पाठदुखीचं सांगायचो. पाठ खरोखरच दुखायला लागली होती. अकरा महिन्यांनी ती घरी आली आणि म्हणाली, "दादा, तुम्ही दोघंही गेलात तर आमच्याकडे राहिलं काय?" मी नाही म्हणू शकलो नाही. पण शेहेचाळीस किलो आता उचलायचे कुणी? हलका बॉक्स घेणं भाग होतं.

कॉलेज रोडला वाद्यांचं एक दुकान आहे. मी जुना बॉक्स टेम्पोत घालून तिथे नेला. दोन हमाल घेतले. नवा घ्यायचा तर जुन्याशी ताडून घ्यायचा, असं मी दुकानात सांगितलं. मनात वेगळं होतं. नवा बॉक्स हलका पडावा, पोकळ वाजावा, हे मला हवं होतं. तसं झालं असतं तर मी तीन वर्षं उगाच हट्ट धरला नव्हता असं ठरलं असतं.

काउंटरवर पंचविशीतली एक मुलगी होती, स्वतः बेस वाजवणारी. तिने एक बारा इंची आणि एक दहा-दहाच्या दोन स्पीकरचा असे दोन हलके बॉक्स काढले. बारा इंची तिने एका हाताने फळीवरून उतरवला.

मी जवळ उभा राहून तार छेडायला लागलो तशी ती म्हणाली, "काका, बेस जवळून कळत नाही. तुम्ही दारात जा, पाठ करून उभे राहा. मी वाजवते. जुना कोणता, नवा कोणता, तुम्ही सांगा. आवाज सारखा ठेवते, नाहीतर मोठा तो चांगला वाटतो."

मी दारात रस्त्याकडे तोंड करून उभा राहिलो. मागे तिने सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली, मग एक साधी चाल. थांबली, वायर बदलली, पुन्हा तीच चाल. असं चार-पाच वेळा. सुरुवातीला फरक वाटला, मग वाटेना. एकदा मात्र सूर असा आला की पायाखालची फरशी बोलली. भरीव, गोल. मी डोळे मिटून म्हणालो, "हा माझा."

"बघा," ती म्हणाली.

मी वळलो. वायर बारा इंचीला लावलेली होती. जुना बॉक्स बाजूला मुका पडला होता.

"अजून एकदा," मी म्हणालो. तिने अजून एकदा केलं. मी पुन्हा चुकलो.

ती आनंदात होती. "मी सगळ्यांना हेच सांगते काका. स्टेजवर अगदी मोठ्या आवाजाला जुना थोडा पुढे जाईल, पण हॉलमधल्या कार्यक्रमाला काही फरक नाही. हलकाच घ्या, कंबर वाचेल."

मी तिथल्याच एका स्टुलावर बसलो. तिने पाणी आणून दिलं आणि बरं वाटत नाही का विचारलं. मी म्हणालो, बरं आहे. बावीस वर्षांतले सगळे जिने, त्यातले खालच्या बाजूचे त्याचे पाय, आणि मला हा फरक ओळखता येत नव्हता. मित्राने एकदा तरी मला दुकानात ओढून नेलं असतं तर. पण त्याने तीन वर्षं सांगितलंच होतं. ओढून नेण्याचं कामही मी त्याच्यावरच टाकत होतो.

बॉक्स त्या दिवशी घेतला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने मनमाडला गेलो.

वहिनींनी दार उघडलं, पाणी दिलं. भिंतीवर त्याचा फोटो होता, हार ताजा होता. मी बसल्या बसल्या सांगून टाकलं. हमाल नव्हते, बॉक्स आम्ही दोघांनी चढवला, तो खाली होता, वळणावर बसला, खांदा चोळत होता, आणि मी घड्याळ पाहिलं. रामकुंडावर खोटं बोललो.

बाहेरच्या पॅसेजमध्ये पाण्याचे निळे ड्रम ओळीने लावलेले होते. त्यांनी तिकडे बघितलं.

"दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला होता," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे पाण्याचं तुम्हाला माहीत आहे. हे म्हणाले, खांदा दुखतोय, आज नको. मी म्हणाले, काड्या वाजवून दुखणारच, नंतर चोळून देते, आधी पाणी भरा. सहा कॅन आणले त्यांनी वर. दोन मजले."

मी हातातला पाण्याचा पेला खाली ठेवला.

"मी तुम्हाला का विचारलं होतं भाऊजी? तुम्ही नाही म्हणालात. मग राहिलं काय? माझं पाणीच राहिलं. वर्ष होत आलं, त्या पॅसेजमधून जाताना मी तिकडे बघत नाही."

"वहिनी, मला वाटलं..."

"तुम्ही तेव्हा खरं सांगितलं असतं तर मी तुम्हाला बोलले असते. वाट्टेल ते बोलले असते. पण मग आपण दोघं मिळून रडलो तरी असतो."

आवाज चढला नव्हता. त्या उठून आत गेल्या. चहाचं भांडं ठेवल्याचा आवाज आला. चहा आला नाही. शेवटी आतूनच म्हणाल्या, "तुमची गाडी असेल ना. तुम्ही जा आता."

मी फोटोला नमस्कार करून निघालो. पार्सल ऑफिस फलाटावरच आहे. त्याच्या खुर्चीवर दुसरं कुणीतरी बसलेलं होतं. गाडी यायला पाऊण तास होता. मी फलाटाच्या अगदी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

त्याच आठवड्यात बारा इंची बॉक्स घेतला. तेरा किलोचा. जुना दुकानातच सोडला, पुढे त्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. पहिला कार्यक्रम गंगापूर रोडला एका निरोप समारंभाचा होता. ऑक्टोपॅडवर नवा माणूस होता, चांगला होता, ताल पक्का. मी एका हातात बॉक्स आणि दुसऱ्या हातात गिटार घेऊन जिना चढलो. वर पोचलो तेव्हा दमही लागला नव्हता. भरल्या हॉलमध्ये मला रडू येईल अशी भीती होती, पण आलं नाही. तिसऱ्या गाण्याला सवयीने डावीकडे बघितलं आणि नवा माणूस माझ्याकडे बघून ओळखीचं हसला, कारण त्याला वाटलं मी काही इशारा देतोय.

वर्षश्राद्धाला बोलावणं येईल असं वाटलं नव्हतं. वहिनींनी स्वतः फोन केला. "बाराला पानं मांडतोय," एवढंच म्हणाल्या.

गेलो. घरात नातेवाईक होते, माझ्याशी सगळे नीट बोलले. त्यांना काही माहीत नसावं. मला पंगतीत त्याच्या भावाशेजारी बसवलं. वहिनी वाढत होत्या. त्या चिडल्या आहेत की निवळल्या आहेत, हे त्यांच्या चेहऱ्यावरून मला सांगता आलं नसतं आणि आजही येत नाही. माझ्या पानावर खीर वाढताना त्या थांबल्या.

"वाजवता का आता?"

"हो. सुरू केलंय."

"नवीन घेतला बॉक्स?"

"घेतला."

"किती किलोचा?"

"तेरा."

त्यांनी पळी खिरीत बुडवली, पुन्हा वर काढली. "तेरा," त्या म्हणाल्या. मग शेजारच्या पानाकडे सरकल्या. मी खाली मान घालून जेवलो. पानात काही टाकलं नाही.