सह्यांची यादी

मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा तो आंबूस, तेलकट वास आला की मला सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतली एक दुपार आठवते. पहिली शिफ्ट सुटल्यावर एका कारखान्याचे कामगार माझ्या वकिलीच्या ऑफिसात जमले होते. नवी युनियन खरी आहे हे कोर्टाला दाखवायला मला सभासदांच्या सह्या हव्या होत्या. कागदावर काळी बोटं उमटत होती आणि कागदालाही तोच वास लागला होता. पेठ तालुक्याकडचा एक वयस्कर कामगार पेन हातात घेऊन थांबला. “सायेब, ह्यो कागद मालकाकडं तर नाय ना जायचा?” “कोर्टात जाईल फक्त,” मी म्हणालो. वकिली नवी होती माझी. दुसऱ्या दिवशी अर्जाची प्रत कंपनीच्या वकिलांना देताना रिवाजाप्रमाणे मी यादीही जोडून दिली. त्यांनी अर्ज न वाचताच फाइलमध्ये टाकला, यादी मात्र नीट घडी करून शर्टाच्या खिशात ठेवली आणि मला विचारलं, “चहा घेणार?” मी घेतला. पुढच्या सकाळी कारखान्याच्या गेटवर वॉचमन नावं वाचत होता, आणि ज्याचं नाव येईल त्याला आत न सोडता बाजूला उभं करत होता. क्रम आमच्याच यादीचा होता. आता मी अशी यादी बंद पाकिटात थेट न्यायाधीशांकडे देतो. तरी सही करताना कुणी तोच प्रश्न विचारला, तर मी आधी ते पाकीट त्याच्यासमोर ठेवतो आणि मगच “कोर्टात जाईल फक्त” म्हणतो.