आवाज नसताना शिकवलेला गुणाकार

माझा आवाज मोठा. आमची शाळा बोरी बुद्रुकजवळच्या एका वाडीवर, दोन खोल्यांची. मी तिसरीला पाढे सांगायला लागले की रस्त्याने जाणारा दूधवाला गाडी हळू करायचा आणि "बे चोक आठ" म्हणत पुढे जायचा. आपण ठणकावून म्हणायचं, मुलांनी मागून म्हणायचं, गुणाकाराची सुरुवात म्हणजे एवढंच मला ठाऊक होतं. मी स्वतः तशीच शिकले होते.

एका दिवाळीच्या सुट्टीत माझ्या गळ्यातल्या गाठीचं ऑपरेशन झालं. गाठ साधी निघाली. पण शुद्धीवर आल्यावर नवऱ्याला हाक मारायला गेले तर तोंडातून नुसती हवा आली. डॉक्टरांनी समजावलं, अशा ऑपरेशननंतर कधी कधी असं होतं, बहुतेक आवाज परत येईल, पण वेळ लागेल. तोवर बोलायचं नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.

घरी बसून मी खूप रडले. नवरा म्हणाला, "रजा वाढव की." पण घरात गप्प बसणं जास्त अवघड जात होतं. टाके सुकले तशी मी शाळेत गेले.

आमचे मुख्याध्यापक आणि मी, असे दोघंच शिक्षक. सरांनी मला पाहिलं आणि खुर्ची पुढे केली. "मॅडम, तुम्ही नुसत्या वर्गात बसा. पाढे मी घेतो. नाहीतर टीव्हीवर लावू." मी मानेनेच नको म्हटलं. फळ्यावर लिहिलं, "माझा आवाज गेला आहे. डॉक्टर म्हणतात, येईल." मुलांनी ते मोठ्याने वाचलं. पुढच्या रांगेतल्या एकाने विचारलं, "बाई, कुठं गेलाय?" मला हसू आलं, आणि तेही आवाजाशिवायच आलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलं माझ्यासाठी काहीबाही आणायला लागली. कुणाच्या आईने ज्येष्ठमधाची कांडी दिली, कुणी खडीसाखर, कुणी बाटलीच्या झाकणात मध. आजारी माणसाच्या घरात बोलतात तशी ती हळू बोलायची. इतका शांत वर्ग मी कधी पाहिला नव्हता.

त्याच सुमारास एक नवी मुलगी तिसरीत आली. तिचे आईवडील आंबेगावच्या पश्चिमेकडच्या डोंगरातले. भात काढून झाल्यावर कांद्याच्या लागवडीला आमच्याकडे आले होते आणि मळ्यात राहत होते. पोरगी दाराजवळ बसायची. कुणी नाव विचारलं तरी खाली बघायची. मला बोलता येत नव्हतं आणि ती बोलत नव्हती, त्यामुळे आमचं बरं जमलं. मी हाताने खूण करायची, ती मानेने उत्तर द्यायची.

पाढे म्हणून दाखवता येत नाहीत तर करायचं काय? शाळेमागे चिंचेचं झाड आहे. मी ओंजळभर चिंचोके धुऊन आणले, मुलांना गोल बसवलं आणि मधे फरशीवर चार चिंचोक्यांची एक ओळ मांडली. तिच्याखाली दुसरी, मग तिसरी. ओळींवरून बोट फिरवलं आणि मुलांकडे पाहिलं. एरवी मीच "चार त्रिक बारा" म्हणून मोकळी झाले असते. आता थांबण्यावाचून इलाज नव्हता. मुलं एक एक मोजायला लागली. मग एकजण म्हणाला, "चार, आठ, बारा." बाकीच्यांना पटलं.

माझ्या डावीकडे बसलेली ती डोंगरातली पोरगी मान तिरकी करून बघत होती. तिने बोट पुढे केलं आणि म्हणाली, "हितनं तीन-तीनच हायेत."

सगळ्यांनी वळून पाहिलं. तिचा आवाज त्यांनी पहिल्यांदाच ऐकला होता.

"चार हायेत," एकजण म्हणाला.

"तुज्याकडनं चार. माज्याकडनं तीन. हितं येऊन बग."

तो उठून तिच्याजवळ जाऊन बसला. मग दुसरी गेली, मग सगळेच. थोड्या वेळाने त्यांच्यात वाद लागला, की आता चिंचोके किती? परत मोजले. बाराच. तिकडून चार त्रिक, इकडून तीन चोक. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते इतकी वर्षं पाढे घोकून घेताना मला दिसलं नव्हतं. सर दारात येऊन उभे होते. ते म्हणाले, "हे मी चौथीला सांगून सांगून दमलो, मॅडम." माझे डोळे भरून आले होते. मी त्या पोरीच्या डोक्यावरून हात फिरवला.

पुढे तो खेळच झाला. कुणी पोल्ट्रीवरून अंड्यांचा रिकामा ट्रे आणला, कुणी खिडकीचे गज मोजले. आता ती पोरगी सगळ्यांच्या मधे बसायची आणि बाकीची तिला दुसऱ्या बाजूने काय दिसतं ते विचारायची. सरांनी माझी परिपाठाची पाळी कुरकुर न करता सांभाळली, हजेरीही तेच घ्यायचे. चैत्रात कांदा निघाला आणि तिचं कुटुंब डोंगरात परत गेलं. माझा आवाज त्यानंतर आला, थोडा घोगरा आणि बारीक. पूर्वीसारखा मोठा तो आजवर झालेला नाही. पाढे अजूनही पाठ करून घेते, पण आधी चिंचोके मांडायचे आणि गप्प बसायचं.

परवा मंचरच्या एसटी स्टँडवर एका बाईने मला ओळखलं. त्या पोरीची आई. शेजारी ती स्वतः, आता माझ्या खांद्याएवढी, पाठीला दप्तर. आश्रमशाळेत सहावीत आहे म्हणे. मी विचारलं, "कशी आहेस गं?"

ती बघतच राहिली. आई हसत म्हणाली, "बाई, ही घरी सांगायची, आमच्या बाईंना बोलायला येत न्हाई, पर लई चांगलं शिकवत्यात."

पोरगी लाजली. मग म्हणाली, "तुमचा आवाज असा आहे व्हय."

"असाच," मी म्हणाले. "आवडला का?"

तिने मान डोलावली. त्यांची गाडी लागली होती. जाता जाता आईने पिशवीतून मूठ-मूठ करून नाचणीचं पीठ माझ्या जेवणाच्या रिकाम्या डब्यात भरलं. नको म्हणायला तिने सवडच दिली नाही. रात्री त्याच्या भाकऱ्या केल्या. नवरा म्हणाला, "पीठ कुणी दिलं?" मी सांगायला बसले, आणि जेवण होईपर्यंत बोलतच राहिले.