माझा खडूचा नकाशा आणि मॅडमचा फुकटातला

मंडळी, आज माझा नुसता जळफळाट झालाय. इथंच मोकळा होतो.

भोकरदन तालुक्यातल्या एका शाळेत मी भूगोल शिकवतो. फळ्यावर जालना जिल्हा काढावा तर मीच, असं आजवर सगळे म्हणायचे. आज सकाळी निळ्या खडूनं पूर्णा नदी रंगवून राह्यलो होतो, तर शेजारच्या वर्गातून हा गलका!

नव्या मॅडमनी लॅपटॉपवर नेटवरचा नकाशा उघडला होता. आभाळातून गाव दाखवणारा, तेही फुकटात! माझी पोरं न विचारताच तिकडं पळाली.

त्यातली शबाना धावत परत आली. "सर, जल्दी चला, आमच्या घरावरचे पत्रे दिसून राह्यले!" मंग फळ्याकडं बघून म्हणाली, "तुमच्या नकाशात आमचं घर कुठंय?"

मॅडम हसून म्हणाल्या, "सर, तुमचंही घर शोधू का?"

"काही गरज न्हाई," म्हणलं.

आता भोकरदनच्या नेट कॅफेत बसलोय. आल्याबरोबर आधी तोच नकाशा उघडला. घर सापडलं, अंगणातला लिंबसुद्धा दिसला. हरखून बाजूला बघितलं, तर दाखवायला कुणीच नव्हतं.

आता तुम्हीच सांगा, हे वर्गात कसं दाखवायचं, ते उद्या मॅडमला कोणत्या तोंडानं विचारू?