पायी निघालेली बाई

डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "बाई, तीन महिने रोज चाला. साखर उतरली नाही, तर इन्सुलिनची सुई. पोटात, आणि तुमच्याच हातानं."

सुईची मला लहानपणापासून धास्ती. शाळेत लस द्यायला येतात तेव्हा मुलांना रांगेत लावते, नावं वाचते आणि ऐनवेळी मान फिरवून उभी राहते. त्यामुळे घरी येताच कामाला लागले. बूट आणले. भाजी रात्रीच चिरून ठेवायची, कणीक मळून ठेवायची. सकाळचं दूध तापवणं आमच्या ह्यांच्याकडे दिलं. एवढी व्यवस्था लागली की चालणं आपोआप होईल, असं मला खरंच वाटत होतं.

सेनगावातून हिंगोलीच्या रस्त्याला लागले. पण आमच्याकडे ओळखीचं माणूस पायी दिसलं आणि गाडी थांबवली नाही, तर ते माणुसकीला धरून होत नाही. पहिल्याच दिवशी शेजारचे शिंपी चाचा स्कूटरवरून आले.

"काहून पायी, बाई? साहेबांशी भांडण झालं का?"

"फिरायला निघाले, चाचा. शुगर आहे."

"शुगर हाय अन् चालून राहिल्या? चक्कर आली म्हंजे? बसा, बसा."

बसले. चाचांचं मन कसं मोडायचं?

मग दूधवाला. मग माझ्याच एका जुन्या विद्यार्थ्याची जीप. पुढच्या सीटवरच्या माणसाला तो म्हणाला, "मागं व्हय रे, आमच्या बाई हायेत!" मला त्यानं पुढच्या गावापर्यंत नेलं आणि परत आणायला समोरून येणाऱ्या जीपवाल्याला हात केला. दोघांनीही पैसे घेतले नाहीत.

घरी आल्यावर मी चिडले. "या गावात माणसाला चालूच देत नाहीत."

"नको म्हणावं की," हे म्हणाले.

"तुम्ही म्हणून बघा."

मी रस्ताच बदलला. शेतांमधून पांदण जाते, बैलगाडीची वाट. सकाळी तिथं कोणी फिरकत नाही. दोन्ही बाजूंना सोयाबीन, हवा मोकळी. थोडं चालले आणि पाय जड झाले. दुखत नव्हते, धापही लागली नव्हती. फक्त पुढे टाकावेसे वाटेनात. बांधावर टेकले. बसल्यावर लक्षात आलं की मी कान देऊन बसले आहे. लांब डांबरी रस्त्यावरून गाड्या जात होत्या, आणि त्यातली एखादी इकडे वळते का, याची मी वाट बघत होते.

तशीच बसून राहिले. शाळेच्या सहली, घरातली लग्नं, पंगती, सगळं मी पार पाडलेलं. दहा जणांना दहा कामांना लावते. या एका बाईला बांधावरून उठवायला काय करावं, ते काही सुचेना. शाळेची वेळ होत आली तेव्हा मात्र उठले आणि झपाझप घरी आले. त्यानंतर रोज निघत होते. रोज त्या बांधापर्यंत.

तीन महिन्यांनी साखर होती तिथंच.

"चालतात का?" डॉक्टरांनी ह्यांना विचारलं.

"रोज निघतात," हे म्हणाले. ते खोटं नव्हतं.

सिस्टरनं पोट चिमटीत कसं धरायचं, सुई कशी टोचायची ते दाखवलं. मग मी सुई हातात घेतली. डोळे मिटून टोचली. इतकी बारीक, की टोचल्याचं कळलंही नाही.

"झालं? एवढंच?"

"एवढंच हो, बाई. उगाच घाबरल्या," सिस्टर हसल्या.

मला रडू आलं. हे गोंधळले. "दुखलं का?"

मी नाही म्हणाले. दुखलं असतं तर बरं झालं असतं. सकाळी मला घराबाहेर काढणारी तेवढी एकच भीती माझ्याकडे होती, आणि आता तीही राहिली नव्हती. चालायला अजूनही सांगितलेलं आहेच. कशाच्या जोरावर उठायचं, ते कोणाला विचारावं, मला कळत नाही.