पिकल्या केसाचा मान

माझी आई झुंबरबाई. तिला अक्षरओळख नव्हती, घड्याळ कळत नव्हतं आणि स्वतःचं वय विचारलं तर ती "असंल चाळीसच्या अलीकडं-पलीकडं" एवढंच सांगायची. पण समोरच्या माणसाचं वय तिला एका नजरेत कळायचं. आमच्या भाजे गावच्या वाटेवर कुणी येताना दिसलं की तिच्या तोंडात त्याची हाक तयारच असे. बापाच्या वयाचा असेल तर आबा, थोरल्या भावाच्या वयाचा असेल तर भाऊ, बाईमाणूस असेल तर मावशी. मग तो गावचा पाटील असो, मळवलीच्या फाटकावरचा गेटमन असो, की लोणावळ्याच्या बंगल्यातला झाडूवाला असो. "पिकल्या केसाला नावानं हाक मारायची न्हाई," हा तिचा कायदा होता आणि त्याला पळवाट नव्हती.

हा कायदा कधीकधी तिच्याच अंगाशी यायचा. लोणावळ्याच्या एका बंगल्यात आम्ही दूध घालायचो. तिथल्या बाईसाहेबांचे केस काळेभोर होते, पण आईनं त्यांच्या हातावरच्या शिरा पाहिल्या आणि पहिल्याच सकाळी म्हणाली, "मावशी, भांडं आना." तिसऱ्या दिवशी तिथं दुसरी गवळण दिसायला लागली. आपलं चुकलं काय, ते आईला शेवटपर्यंत उमगलं नाही. मला उमगलं होतं, पण हसायची सोय नव्हती. पाठीत धपाटा बसला असता.

मी पाच वर्षांची असताना वडील गेले. तापानं तीन दिवसांत धडधाकट माणूस नेला. भावकीनं डोळे पुसले आणि जो तो आपापल्या राबाला लागला. आमच्याकडे भाताचं रोप टाकायच्या आधी जमिनीवर शेण, पालापाचोळा पसरून जाळतात, त्याला राब म्हणतात. ते पुरुषांचं काम. आईनं ते कधी केलं नव्हतं. तेव्हा डोंगरावरच्या ठाकरवाडीतून कान्हू नावाचा एक म्हातारा न बोलावता खाली आला. पाला किती जाड टाकायचा, वर माती किती दाबायची, वारा बघून कुठल्या अंगानं पेटवायचं, हे सगळं त्यानं तिला शिकवलं. त्यानंतर दर साली तो आमच्या भातखाचरात उभा राहिला. ठरलेली मजुरी घ्यायचा आणि मजुरीत न बसणारं कितीतरी करायचा.

अख्खं गाव त्याला "कान्या" म्हणायचं. नाक पुसायची अक्कल नसलेली पोरंसुद्धा. रानात राहणाऱ्या ठाकराला आणखी काय म्हणायचं, अशीच तेव्हाची समजूत. आई मात्र "कान्हूबाबा, तुमी बसा, मी पानी आनते," म्हणायची आणि बांधावरच्या बायका पदराआड हसायच्या. एकदा पोरांचं ऐकून मीही बांधावरून ओरडले, "ए कान्या, इकडं ये!" आईनं मला मारलं नाही. दुपारी तिनं भाकरीचं फडकं सोडलं, आधी बाबांना वाढलं, मग स्वतः जेवली आणि मला म्हणाली, "ज्याला हाक मारता येत न्हाई, त्यानं शेवटी जेवायचं." माझी पाळी येईपर्यंत कोरड्यास संपलं होतं. मिठाशी भाकरी खाताना तो कायदा मला पाठ झाला.

मला चौदावं लागलं तेव्हा कामशेतचं स्थळ आलं. साल एकतीस असावं. त्या लोकांची भाताची मोठी जमीन, बाजारपेठेत दुकान, मुलगा चार यत्ता शिकलेला. आमच्यासारख्या दोन बायकांच्या घराला असं स्थळ म्हणजे देवच पावला म्हणायचा. ते हातचं गेलं तर पुन्हा कुठून येणार, हे आईला ठाऊक होतं आणि मलाही. मुलाचे चुलते महिपतराव पाच-सहा माणसं घेऊन सुपारी फोडायला आले. सुपारी फुटली की लग्न ठरलं. कान्हूबाबा सकाळीच पत्रावळींचा भारा घेऊन आले होते आणि गोठ्याच्या भिंतीला टेकून बसले होते.

रिवाजाप्रमाणे मी एकेका वडीलधाऱ्याच्या पाया पडत गेले. पडवीतली माणसं संपली. मग सवयीनं म्हणा की भेदरल्यामुळे म्हणा, मी पायरी उतरले, अंगणात गेले आणि बाबांच्याही पायांशी वाकले. "बाबा, पाया पडते." बाबांनी झटकन पाय मागे घेतले.

महिपतराव पडवीतून उठून उभे राहिले. "ह्ये काय? ठाकराच्या पाया?"

"वयानं मोटं हायेत त्ये," आई म्हणाली. "माज्या पोरीला मी त्येच शिकवलंय."

"आमच्या घरात असलं चालायचं न्हाई. पोरीला म्हना, चुकलं म्हन. मग फोडतो सुपारी."

एवढंच मागत होते ते, एक शब्द. तो माझ्या जिभेवर आलाही होता, खोटं कशाला बोलू? मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

तेवढ्यात बाबाच उठले. आईसमोर येऊन त्यांनी हात जोडले. "बाई, पोरीचं नशीब माज्यापायी मोडू नगा. म्हनू द्या तिला चुकलं. माजं काय जातंय?" मग त्या म्हाताऱ्यानं तिला तिच्याच कायद्यात पकडलं. "तुमी मला मोटं म्हनता ना? मग मोट्याचं ऐका."

आजवर आईनं त्यांचा शब्द खाली पडू दिला नव्हता. तिनं डोईवरचा पदर सारखा केला आणि म्हणाली, "बाबा, तुमचं समदं ऐकीन. पन तुमीच सोताला धाकटं करून घ्याया लागला, तर मी ऐकू कुनाचं?" मग ती महिपतरावांकडे वळली. "भाऊ, सैपाक झालाय, जेवून जावा. पन माजी पोरगी चुकलं म्हननार न्हाई."

तशा वेळीसुद्धा त्या माणसाला ती "भाऊ" म्हणाली! तिच्या जागी मी असते तर त्यांना चांगली दोन नावं ठेवली असती. पाहुणे पाण्याचा तांब्याही न शिवता निघून गेले. सुपारी पाटावर तशीच राहिली.

दिवेलागणीला मी आईवर तुटून पडले. "तुज्या बाबा-बाबानं माजं लगीन मोडलं!" ती सूप घेऊन तांदूळ पाखडत बसली होती. "व्हय लीले, मोडलं," ती म्हणाली. सबब नाही, समजूत नाही. तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि सूप चालूच होतं. मी तिच्याशी आठ दिवस बोलले नाही. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा तिच्याइतकं आडमुठं माणूस साऱ्या मावळात नाही, अशी माझी खात्री होती.

पुढं दोन वर्षं आमच्या दारात एक पाहुणा आला नाही. "ठाकराची सून करा तिला," असं बायका पाणवठ्यावर मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या. कान्हूबाबांनी तर आमच्या अंगणात पाऊल टाकणंच सोडलं. खाचरात राबायचे, बांधावर जेवायचे आणि परस्पर डोंगर चढून जायचे. आई बोलावून बोलावून थकली. "आदी पोर उजवा, मग येतो," एवढंच त्यांचं उत्तर.

तेहतीस साली, दसरा झाल्यावर, वलवणचे भिमाजी आपल्या थोरल्या मुलाला, दत्तोबाला, घेऊन आले. त्यांची निम्मी जमीन धरणाच्या पाण्याखाली गेलेली, घर साधं, मुलगा रेल्वेच्या लाइनीवर कामाला. आईनं त्यांना पाणी दिलं आणि बसायच्या आधीच सांगून टाकलं, "भाऊ, मागनं घोळ नको. माजी पोरगी एका ठाकर म्हाताऱ्याच्याबी पाया पडती. चालत आसंल तर फुडचं बोलू."

गेलं हेही, असं वाटलं. ही बाई एक दिवस तरी गप्प बसली असती!

"ठावं हाय," भिमाजी म्हणाले. "कामशेतापासनं वलवणापातुर समद्यांस्नी ठावं हाय. कुटं हाय त्यो म्हातारा?"

"खाचरात."

"चला मग."

त्यांच्या मनात काय होतं, कुणालाच कळेना. आई पुढं, ते दोघं मागं आणि सगळ्यात शेवटी मी, असे आम्ही बांधाबांधानं निघालो. पागोट्याचे पाहुणे येताना दिसताच कान्हूबाबांनी विळा कमरेला खोवला आणि ते घाईघाईनं डोंगराच्या वाटेला लागले.

"थांबा!" भिमाजींनी हाक दिली. बाबा जागच्या जागी थांबले, मान खाली घालून. भिमाजी जवळ गेले. "वय काय तुमचं?"

"ठावं न्हाई, मालक," बाबा पुटपुटले. "पुन्यात पयला पलेग आला तवा मला तीन पोरं हुती."

भिमाजींनी बोटांवर काहीतरी मोजलं. "पलेगात मी पाळन्यात हुतो," ते म्हणाले. मग त्यांनी पायातलं पायताण काढून बाजूला ठेवलं, बांधावरच्या चिखलात अनवाणी उभे राहिले आणि कमरेतून वाकून म्हणाले, "रामराम, आबा."

कान्हूबाबांनी मागे वळून पाहिलं, हे आबा कुणाला म्हणतायत म्हणून. मागं कुणी नव्हतं. नुसतं भात उभं होतं.