आत्याबाईंचं जळण

माझ्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, घरात कचरा असा नव्हताच; होतं ते सगळं जळण. लसणीची सालं, नारळाच्या शेंड्या, मेणबत्त्यांचे बुडखे, अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे, सगळं चुलीमागच्या गोणीत जाई. लग्न होऊन मी धसईला आले, त्याच आठवड्यात आंब्याच्या कोयी उकिरड्यावर टाकल्या. आत्याबाईंनी त्या वेचून आणल्या, धुतल्या आणि पत्र्यावर वाळत घातल्या. मला एवढंच म्हणाल्या, "फेकाया अक्कल लागत नाय गो."

जीभ अशी तिखट. सासरे लवकर गेले. लोकांची भातं लावून, बाजारात भाजी विकून त्यांनी दोन मुलं वाढवली. धाकट्यावर, माझ्या भावोजींवर, जीव जास्त. तो शिकला, कल्याणला मोठ्या नोकरीला लागला, तेव्हा गावभर पेढे वाटत फिरल्या. त्याला कुणी नाव ठेवलेलं त्यांना खपत नसे. "माझा बाबू कामात आसतो," म्हणत.

भावोजींनी सापगावजवळ जागा घेऊन शनिवार-रविवारसाठी घर बांधलं. एका हिवाळ्यात त्यांनी ऑफिसातले साहेब बोलावले आणि स्वयंपाकाला आम्हा दोघींना गाडीने नेलं. आत्याबाईंनी गोणी बरोबर घेतली. मी म्हटलं, "तिथं कशाला?" तर म्हणाल्या, "पोराच्या घरी रिकाम्या हातानं जाऊ?"

संध्याकाळी अंगणात लोखंडी शेगडी मांडली, पण कोळसा काही पेटेना. आत्याबाई उठल्या. ट्रेच्या खळग्यांत मेणाचे तुकडे आणि लसणीची सालं भरली, वर शेंड्या, त्यावर कोळसे. काडी लावली आणि फुंकत बसल्या. निखारे फुलले तशा साहेबांच्या बाई कौतुकाने भावोजींना म्हणाल्या, "ही बाई कुठून मिळाली तुम्हाला? आमच्याकडे टिकतच नाहीत."

भावोजी हसले. म्हणाले, "गावाकडची आहे. जुनी आहे आमच्याकडे."

मी दारातच होते. पुढे झाले, तर आत्याबाईंनी राखेने माखलेल्या हाताने माझा हात धरला. म्हणाल्या, "र्‍हाऊ दे. त्याचे पावणे हायत." सगळ्यांची जेवणं होईपर्यंत त्या शेगडीपाशी बसून होत्या. स्वतः जेवल्या नाहीत. सकाळी भावोजी उठायच्या आत आम्ही एसटीने निघालो.

पुढे भावोजी धसईला आले. "आये, कशी हायस?"

"बरी हाय. बसा. पानी आणू तुमाला?"

त्यांना आधी थट्टा वाटली. आमच्याकडे पोटच्या पोराला 'तुमी' कुणी म्हणत नाही. पाहुण्याला म्हणतात, नाहीतर साहेबाला. भावोजी माझ्यावर उखडले, मीच कान भरले म्हणाले. मग आत्याबाईंच्या पायाशी बसले. "त्या दिवशी चुकलं, आये."

"तुमचं काय चुकलं? मी कामालाच आल्ती ना."

त्यानंतर आत्याबाईंच्या तोंडून 'बाबू' मी ऐकलं नाही. भावोजींना चहा मिळे, जेवण मिळे, निघताना दारापर्यंत सोबतही मिळे. सगळं अदबीनं.

गेल्या साली भातकापणीत आत्याबाईंनी अंथरूण धरलं. भावोजी रजा टाकून आले. उशाशी बसून चमच्याने पेज भरवू लागले. दोन चमचे त्यांनी घेतले. मग डोळे उघडून भावोजींकडे बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता तरी.

"र्‍हाऊ द्या," त्या म्हणाल्या, "तुमाला उगाच तरास."