बाळं दाखवणारी शैलाताई

शैलाताईच्या यजमानांचा, मिलिंदभाऊंचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते आणि मी ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसले होते. "अनू, शैला गेली. अर्ध्या तासापूर्वी, झोपेतच," ते म्हणाले. मी काय बोलले ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की खांद्यांवरचं ओझं एकदम उतरल्यासारखं झालं. सुटली बाई, असं मनात आलं... आणि पाठोपाठ स्वतःचीच लाज वाटली. सात वर्षांपासूनची मैत्रीण गेल्याचं कळतं आणि आपल्याला आधी हायसं वाटतं? ही गोष्ट मी कुणाजवळ बोलले नव्हते. परवा मिलिंदभाऊ आमच्याकडे जेवायला आले, तेव्हा भात कालवता कालवता तेच म्हणाले, "तुला म्हणून सांगतो. त्या सकाळी मी आधी खिडकी उघडली आणि मोठा श्वास घेतला. रडू नंतर आलं." त्यानंतर मला वाटलं, आता शैलाताईबद्दल लिहायला हरकत नाही.

आमची ओळख २००१ सालातली, मिनियापोलिसजवळच्या ईडन प्रेरीतल्या अपार्टमेंटच्या लाँड्रीरूममधली. माझी सई तेव्हा सहा महिन्यांची होती. नवऱ्याच्या, प्रसादच्या कंपनीत रोज कुणाला ना कुणाला घरी पाठवत होते आणि मी सईला कडेवर घेऊन ड्रायरसमोर उभी राहून मुकाट्याने डोळे पुसत होते. मागून आवाज आला, "काहून गं, रडून राहिली का? दे ते पोरगं इकडे, आधी मशीनमधले कपडे काढ." अमेरिकेत आल्यापासून इतक्या हक्काने माझ्याशी कुणी बोललं नव्हतं. शैलाताई नागपूरजवळच्या एका तालुक्याच्या गावातली. वडील शाळेत शिपाई, घरात पुस्तकं आणि बाबासाहेबांचा फोटो, चार भावंडांत ही थोरली. तिला आणि मिलिंदभाऊंना मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही विचारलं नाही.

प्रसादची नोकरी टिकली. गेली ती मिलिंदभाऊंची. नवीन मिळाली ती पश्चिमेला अडीच तासांवरच्या एका गावात, टर्कीचं मांस पॅक करणाऱ्या कारखान्याच्या कॉम्प्युटर विभागात. मक्याची आणि सोयाबीनची शेतं, धान्याचे उंच सायलो, एक सिग्नल, दोन चर्च. आम्हाला सगळ्यांना तिची दया आली. तिला मात्र स्वतःची अजिबात दया येत नव्हती. डिपेंडंट व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येत होतं. चाळीस मिनिटांवरच्या कॉलेजात तिने सोनोग्राफीच्या कोर्सला नाव घातलं. बर्फात गाडी चालवायची तिला भयंकर भीती वाटायची. ती मराठीत मोठमोठ्याने स्वतःलाच सूचना देत जायची, "हळू, शैला, हळू... ब्रेक नको मारू."

ग्रीन कार्ड आल्यावर ती तिथल्या हॉस्पिटलात लागली आणि वर्षभरातच तिच्या डोक्यात स्टुडिओचं खूळ शिरलं. गरोदर बाईला बाळ बघण्यापुरतं दाखवायचं, थ्रीडी मशीनवर त्याचा चेहरा, जांभई, हातापायांची चाळवाचाळव. चार फोटो आणि एक डीव्हीडी द्यायची. शहरांत असे स्टुडिओ निघायला लागले होते, पण तिच्या भागात दीड-दोन तासांत एकही नव्हता. मी फोनवर हसलेच. "म्हणजे मॉलमधल्या फोटोसारखं? कोण येणार गं तिथे?"

"तू येऊन बघ एकदा," ती म्हणाली. "आमच्या हॉस्पिटलात बाया साठ-साठ मैल ड्राइव्ह करून येतात. आम्ही स्क्रीन आमच्याकडे वळवतो, डोकं मोजतो, मांडीचं हाड मोजतो आणि बाईला उठवतो. नवरा बाहेर मासिक चाळत बसलेला. सासू तर गाडीतच. त्यांना बाळ बघायचं असतं, अनू. आम्ही त्यांना आकडे देऊन पाठवतो."

गावातल्या डॉक्टरला हे पटलं नाही. तपासणीचं मशीन म्हणजे करमणुकीचा खेळ नाही, आणि तिथे सगळं छान दिसलं म्हणून बायका खरी तपासणी टाळतील, असं त्याने तिला तोंडावर सांगितलं. तिला त्याचा राग आला नाही. "तो बरोबर बोलून राहिला," असं म्हणून तिने नियमच केला: आधी डॉक्टरची सोनोग्राफी झालेली असली पाहिजे, त्याची चिठ्ठी दाखवायची, मगच आत. वकिलाने आणखी एक कागद करून दिला. ही वैद्यकीय तपासणी नाही, इथे कोणतंही निदान केलं जाणार नाही, असं त्यावर लिहिलेलं. खाली बाईची सही. वकिलाने तिलाही बजावलं होतं, की काहीही दिसलं तरी तोंडातून अक्षर काढायचं नाही.

२००४च्या उन्हाळ्यात, बंद पडलेल्या एका हेअर सलूनच्या जागेत स्टुडिओ उघडला. पहिल्या दिवशी मी मदतीला गेले होते. पहिलं जोडपं शेतकऱ्याचं. सोबत दोन्हीकडचे आईवडील, एक आत्या, बियाण्याच्या कंपनीची टोपी घातलेले आजोबा. शैलाताईने पोटावरून मशीनचा प्रोब फिरवला, थांबली आणि म्हणाली, "इट्स अ गर्ल." खोलीत असा जल्लोष झाला की शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. आजोबांनी टोपी उडवली, ती पंख्याला लागून खाली पडली. सगळे निघून गेल्यावर शैलाताई दिसेना. मागच्या बेसिनपाशी ती तोंड धूत होती, पुन्हा पुन्हा. "काय झालं गं?" मी विचारलं. "काही नाही," ती म्हणाली, "मुलगी आहे म्हणून इतकं मोठ्याने ओरडताना कुणाला ऐकलं नव्हतं." मला ते गमतीचंच वाटलं.

पुढच्या हिवाळ्यात मी दुसऱ्यांदा गरोदर होते. सातवा महिना लागला होता. माझ्या सासूबाई पुण्याहून आल्या होत्या. माझी नेहमीची सोनोग्राफी दोन महिन्यांपूर्वीच झाली होती, सगळं नीट होतं, पण मुलगा की मुलगी हे आम्ही तेव्हा विचारलं नव्हतं. शैलाताईकडे जाऊन मजेत बघू, असं ठरवून शनिवारी सईला शेजारणीकडे ठेवून प्रसाद, मी आणि आई (सासूबाईंना मी आईच म्हणते) निघालो. तिने आईंना खुर्ची दिली, माझ्या पोटावर कोमट जेल लावलं, बाळाचं नाक दाखवलं. "काकू, नाक कुणाचं हो?" "आमच्या घराण्याचं," आई खूश होऊन म्हणाल्या. मग तिने ठोक्यांचा आवाज लावला. सईच्या वेळचे ठोके मला आठवत होते, घोडा दौडत असल्यासारखे. हे तसे नव्हते. ही नुसती थरथर होती, शिलाई मशीन धावावी तशी. दोन-तीन सेकंद... आणि शैलाताईने आवाज बंद केला.

प्रोब एकाच जागी धरून ती स्क्रीनकडे बघत राहिली. शेवटी आईच म्हणाल्या, "मुलगी आहे ना? सांगा हो. आम्हाला चालेल." त्या 'चालेल'ने माझा पारा चढला. आणि शैलाताईचाही राग आला, की गावातल्या सगळ्यांना ओरडून सांगते आणि आमच्यापाशी येऊन का थबकते? मी तसं म्हणणारच होते, तेवढ्यात तिने माझा हात धरला.

"अनू, नीट ऐक. मी डॉक्टर नाही आणि मला हे बोलायचा अधिकार नाही. पण बाळाचे ठोके फार जास्त पडून राहिले. मी तीनदा मोजले. तुम्ही घरी जायचं नाही. इथून थेट तुझ्या हॉस्पिटलात जायचं, इथे बाळाच्या हृदयाचा डॉक्टर नाही. मी फोन करून ठेवते."

"उद्या सोमवारी अपॉइंटमेंट घेतली तर?" प्रसादने विचारलं. वारही चुकला होता त्याचा.

"नाही. आत्ता."

अडीच तासांचा तो रस्ता मला नीट आठवत नाही. आई मागच्या सीटवर जप करत होत्या. मिनियापोलिसच्या हॉस्पिटलात पोहोचलो तेव्हा शैलाताईच्या फोनमुळे ते आमची वाटच बघत होते. बाळाच्या हृदयाची लय बिघडली होती. हे असंच चार-सहा दिवस चाललं असतं तर बाळाच्या अंगात पाणी साचून हृदय थकलं असतं, आणि त्या काळात माझी कुठलीही तपासणी ठरलेली नव्हती. औषध मला द्यायचं, ते माझ्या रक्तातून बाळाकडे जाणार. तीन दिवस मी मॉनिटरवरचा ठोक्यांचा आकडा बघत पडून होते. चौथ्या दिवशी दुपारी तो एकदम खाली आला आणि घोडा पुन्हा दौडायला लागला. नर्सने आवाज मोठा करून दिला.

संध्याकाळी शैलाताई आली. मी म्हटलं, "ताई, जरा पाणी दे गं." तिने ग्लास भरला, माझ्या हातात दिला आणि मी तो रिकामा करेपर्यंत खालीच बघत राहिली. मग ती पलंगाच्या कडेवर बसली आणि जे मला चार वर्षांत कधी सांगितलं नव्हतं ते तिने सांगितलं. लग्नाआधी ती गावाकडच्या एका सोनोग्राफी सेंटरमध्ये कामाला होती. गर्भलिंग तपासणी केली जात नाही, असा बोर्ड भिंतीवर होता. तिचं टेबल त्याच्याच खाली. तपासणी झाली की आतून डॉक्टर हाक मारायचे. 'शैला, चहा सांग' म्हटलं की मुलगा. 'शैला, पाणी आण' म्हटलं की मुलगी. पाण्याचा ग्लास घेऊन तीच आत जायची. "दुसऱ्याच आठवड्यात माझ्या लक्षात आलं होतं," ती म्हणाली. "पण घरात माझा पगार लागत होता. आठ महिने मी पाणी नेलं, अनू. बाया ग्लास घ्यायच्या, माझ्याकडे बघायच्या, आणि मी खाली बघायची. एक शब्द बोलले नाही मी. कुणापाशीच नाही."

मी तिचा हात धरून ठेवला. कोपऱ्यात आई बसल्या होत्या, हे आम्ही दोघीही विसरलो होतो. त्या उठल्या, ग्लास पुन्हा भरला आणि शैलाताईपुढे धरला. "घ्या. त्या दिवशी मी तुम्हाला भलतंच समजले, मुलगी आहे म्हणून गप्प राहिलात असं वाटलं मला," त्या म्हणाल्या. "आणि माझं ते 'चालेल'... ते मनावर घेऊ नका." शैलाताई सगळं पाणी प्यायली. मग नाक पुसून म्हणाली, "मुलगीच आहे, काकू." आई हसल्या, खरंखुरं हसल्या. आमची रेवा एप्रिलमध्ये झाली. आता ती साडेतीन वर्षांची आहे आणि तिच्या हृदयाला काहीही झालेलं नाही. तिच्या हट्टाला मात्र आम्ही सगळे थकलो आहोत.

आपण कागदावरचा नियम मोडला, आता कुणीतरी तक्रार करणार, ही धास्ती शैलाताईला काही महिने होती. तक्रार कुणीच केली नाही. ही बातमी गावात पोहोचली आणि एका सकाळी तो विरोध करणारा डॉक्टर स्टुडिओत आला. "सॉरीबिरी काही म्हणाला नाही," तिने फोनवर हसत हसत सांगितलं. "सुनेला घेऊन आला होता. चिठ्ठी स्वतःच्याच हाताने लिहिलेली."

पुढे काम इतकं वाढलं की हॉस्पिटलातली तिची जुनी सोबतीण जेनी तिच्याबरोबर काम करू लागली. आणि मग २००६चा शरद ऋतू. आठवड्याच्या पहिल्या दिवशी शैलाताई मशीनची चाचणी स्वतःच्या पोटावर घ्यायची. त्या सोमवारी, जिथे काळं काही दिसायला नको तिथे तिला काळं दिसलं. सोनोग्राफीत काळं म्हणजे पाणी. त्याचा अर्थ तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. तिने तो फोटो प्रिंट केला, पाकिटात घातला आणि त्या दिवसाची तीन बाळं दाखवली. मग मला फोन केला. अंडाशयाचा कॅन्सर होता. दोन वर्षं ऑपरेशन, केमो, पुन्हा केमो. बरी असेल त्या आठवड्यात ती स्टुडिओत जायची, डोक्याला रुमाल बांधून. शेवटचे तीन महिने मात्र फार वाईट गेले. तिला मॉर्फिनही पुरत नव्हतं. ती त्यातून मोकळी झाली, हे मी आता न लाजता लिहू शकते.

गावातल्या फ्युनरल होममध्ये आम्ही बुद्धवंदना म्हटली. शहरांतून आलेली सात-आठ मराठी कुटुंबं, आणि मागे रविवारचे कपडे घालून उभं असलेलं अर्धं गाव. पाली त्यांना कळत नव्हती, पण कुणी जागचं हललं नाही.

दुसऱ्या दिवशी मिलिंदभाऊंबरोबर मी स्टुडिओत गेले. तो आता जेनीच चालवणार आहे. एक जोडपं आणि त्यातल्या गरोदर मुलीची म्हातारी आजी बसली होती. भिंतीवरचा मोठा टीव्ही इतका खाली लावलेला आहे, की सहा फुटी जेनीला प्रत्येक वेळी वाकून बघावं लागत होतं. मिलिंदभाऊ मला हळूच म्हणाले, "शैला बुटकी ना, तिने आपल्या उंचीला लावला होता." मग तिकडे वळून इंग्रजीत, "जेनी, मी उद्या येऊन वर करून देतो."

"नको," जेनी म्हणाली. "मी गेल्या महिन्यात वर करून बघितला. सोफ्यावरून आज्यांना दिसत नाही."

आणि कमरेवर हात ठेवून ती पुन्हा वाकली. सोफ्यावरच्या म्हातारीने पर्समधून चष्मा काढला, तो स्वेटरच्या टोकाला पुसला, आणि समोर टीव्हीवर, अगदी तिच्या डोळ्यांच्या रेषेत, कुणीतरी जांभई दिली.